अपग्रेड, फॉरमॅट की नवी डिस्क? आधी परतीची वाट बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इतके दिवस ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांनाही आता बघावं लागतंय. वाटा पाच आहेत. आहे त्या विंडोजवरच विंडोज ११ चढवायची, फॉरमॅट मारून कोरी टाकायची, नवी डिस्क घालून तिच्यावर टाकायची, लिनक्सकडे वळायचं, नाहीतर सध्या जैसे थे राहायचं. कोणती वाट सोपी, कोणती झटपट यावर हवा तेवढा सल्ला मिळतो. मी प्रत्येक पर्यायाला आधी एकच प्रश्न विचारतो: चार दिवसांनी लक्षात आलं की रोजचं एखादं सॉफ्टवेअर किंवा जुना स्कॅनर चालतच नाहीये, तर मागे कसं यायचं? निम्मा निर्णय इथेच होतो.

जैसे थे राहण्याचं थोडक्यात उरकतो. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती असावी लागते आणि नोंदणी करावी लागते. नवं मशीन घ्यायचं ठरलंच असेल तर तोवर ढकलायला हे ठीक आहे. बाकीच्यांनी हा वेळ बॅकअप आणि तयारीत घालवावा.

मशीन बसतंय का?

विंडोज ११ ला ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी चिप) लागतं. रॅम आणि जागेवरून सहसा अडत नाही. अडतं ते प्रोसेसर आणि टीपीएमवर. इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका, ढोबळमानाने तिथून पुढचे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. टीपीएम बघायला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘tpm.msc’ टाइप करा. ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं तरी लगेच नवा लॅपटॉप शोधायला लागू नका. बऱ्याच मदरबोर्डवर टीपीएम बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) नुसतं बंद असतं, आणि तिथे त्याचं नावही वेगळं असतं: इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम.

दुसरी गोम जुन्या पद्धतीने बूट होणाऱ्या मशीनची. तसंच ‘msinfo32’ टाइप करून उघडा. त्यात बायोस मोडसमोर ‘लेगसी’ दिसलं तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे. विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी हे साधन डेटा न पुसता ती नव्या जीपीटी मांडणीची करून देतं. मात्र त्या डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नसावीत. बदल झाल्यावर बायोसमध्ये जाऊन बूट मोड यूईएफआय करायलाच हवा, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही आणि उगाच घाबरगुंडी उडेल.

यादीत नसलेल्या प्रोसेसरवरही विंडोज ११ टाकता येते. रूफस नावाचं साधन तपासणी वगळलेला पेनड्राइव्ह बनवून देतं, आणि विंडोज चालतेही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती बहुतेक हातानेच चढवावी लागते. स्वतःच्या हौसेच्या मशीनवर हे जरूर करावं. आईवडिलांच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर करू नये, कारण दर वर्षी निस्तरायला तुम्हालाच जावं लागेल.

वरून चढवणं की फॉरमॅट?

खरी रस्सीखेच या दोघांत असते.

आहे त्यावरच चढवलं तर सॉफ्टवेअर, त्यांची लायसन्स, प्रिंटर, ब्राउझर, डेस्कटॉपवरचा पसारा, सगळं जागच्या जागी राहतं. अर्धवट काही बिघडलं तर सेटअप आपणहून जुन्या विंडोजवर परत येतो. पूर्ण झाल्यावरही मागे यायची सोय असते: जुनी विंडोज सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड या फोल्डरमध्ये पडून असते आणि सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० दिवसांपर्यंत परतता येतं. डिझम ही कमांड वापरून ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण मूळचे १० दिवस संपायच्या आत. आणि या काळात ‘जागा मोकळी करा’ म्हणणाऱ्या सूचनेला भुलून डिस्क क्लीनअप चालवू नका. त्यात ‘आधीची विंडोज’ या ओळीवर टिक राहिली की परतीची वाट तुम्हीच बुजवलीत.

लोक सर्वाधिक अडखळतात ते सेटअपच्या एका पडद्यावर. काय ठेवायचं असं विचारून तो तीन पर्याय देतो: फाइल आणि ॲप्स दोन्ही, फक्त फाइल, किंवा काहीच नाही. कधी कधी पहिला पर्याय करडा दिसतो, निवडताच येत नाही. कारण बहुतेक वेळा भाषेचं असतं. मशीनवरची विंडोज ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ची आणि डाउनलोड केलेली फाइल अमेरिकन इंग्लिशची, एवढाच फरक त्याला पुरतो. अशा वेळी ‘फक्त फाइल’ निवडून पुढे गेलात तर सगळी सॉफ्टवेअर उडतील. मागे या, बरोबर भाषेची फाइल उतरवा आणि पुन्हा सुरू करा. आणखी एक: ॲप्स ठेवायची असतील तर सेटअप चालू विंडोजच्या आतूनच चालवावा लागतो. पेनड्राइव्हवरून बूट करून ते होत नाही.

मग फॉरमॅट मारायचाच कशाला? कारण वरून चढवताना चांगल्याबरोबर वाईटही येतं. अर्धवट काढलेले अँटिव्हायरस, तीन पिढ्यांचे ग्राफिक्स ड्रायव्हर, कंपनीने लॅपटॉपसोबत कोंबलेली सॉफ्टवेअर, सुरुवातीलाच उठून बसणारे वीस कार्यक्रम. मशीन आधीच रडतखडत चालत असेल, मधूनच निळा पडदा येत असेल किंवा मागे व्हायरस येऊन गेला असेल, तर नवी आवृत्ती चढवून तो आजार जाणार नाही. तिथे फॉरमॅटच. उलट मशीन सुरळीत चालतंय आणि केवळ ‘स्वच्छ बरं वाटतं’ म्हणून कोणी फॉरमॅट मारायला निघालं, तर मी थांबवतो. कोरी विंडोज टाकण्याचं काम एसएसडीवर तासाच्या आत होतं, पण मशीन पुन्हा ‘आपलं’ व्हायला पुढचे कित्येक दिवस जातात.

आणि फॉरमॅटला परतीची वाट नाही. बॅकअपमध्ये जे आलं तेवढंच तुमचं. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळेच घेतात. राहून जातं ते लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमधलं: मेल सॉफ्टवेअरने मशीनवर साठवलेला मेल, ब्राउझरचं प्रोफाइल, स्वतः टाकलेले फॉन्ट, आणि त्या फोल्डरबाहेरचा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, जो बऱ्याचदा थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी भलत्याच नावाच्या फोल्डरमध्ये असतो. वनड्राइव्ह वापरत असाल तर फाइलवर ढगाचं चिन्ह आहे का बघा. असेल तर ती फाइल मशीनवर नाहीच, नुसती तिची पाटी आहे. तिचा बॅकअप हवा तर आधी ती खाली उतरवून घ्यावी लागते. काही सॉफ्टवेअर ठरावीक मशीनपुरतीच सक्रिय होतात, ती फॉरमॅटआधी आतून ‘डीॲक्टिव्हेट’ करावीत. खुद्द विंडोजच्या लायसन्सची काळजी नको. डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकली की इंटरनेट मिळताच विंडोज आपली आपण सक्रिय होते.

बॅकअप घेतला की त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. ‘कॉपी पूर्ण’ एवढ्यावर विसंबू नका.

एका जागी दोघांचंही भलं

मशीनमध्ये डिस्क बदलता येत असेल, तर वरच्या वादात पडायची गरजच नाही. नवी एसएसडी घाला, तिच्यावर कोरी विंडोज टाका आणि जुनी डिस्क जशीच्या तशी काढून ठेवा. फॉरमॅटची स्वच्छता मिळते आणि परतीची वाटही मिळते, तीही १० दिवसांच्या मुदतीशिवाय. काही जमलं नाही तर जुनी डिस्क परत लावायची की झालं. राहिलेली फाइल हवी असेल तर तीच डिस्क यूएसबीच्या खोक्यात घालून जोडायची. मशीनमध्ये अजून जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर प्रश्नच मिटला. विंडोज बदलल्याने जेवढा फरक पडेल त्याच्या कितीतरी पट एसएसडीने पडेल.

इथे एक काळजी घ्या. नवी डिस्क लावून विंडोज टाकताना जुनी काढून ठेवा, नुसती ‘तिला हात लावणार नाही’ असं मनात ठरवू नका. दोन्ही जोडलेल्या असल्या तर सेटअप पार्टिशनची लांबलचक यादी दाखवतो: ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १, आणि त्यांच्यापुढे आकडे. हे आकडे खोक्यावरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. ५१२ जीबीची डिस्क तिथे ४७६ दिसते, १ टीबीची ९३१. या गोंधळात चुकीची ओळ निवडली जाते. अगदी बरोबर निवडली तरी विंडोज कधी कधी बूटची फाइल जुन्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवते. मग पुढे जुनी डिस्क काढली की नवी बूट होत नाही.

ही यादी रिकामीच दिसली, तर डिस्क मेली असं समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर दिल्याशिवाय सेटअपला डिस्क दिसत नाही. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा. त्यासोबत वायफायचाही ठेवा. विंडोज ११ सुरुवातीच्या मांडणीतच इंटरनेट मागते, आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर तो आणायलाही इंटरनेटच लागतं.

पातळ लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डवरच जोडलेली असेल तर ही वाट बंद. तिथे संपूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, मग वरून चढवावं.

बिटलॉकरचं (डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं) मात्र तिन्ही पद्धतींत बघावं लागतं. बायोसमध्ये काही बदललं की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधीच शोधून कागदावर उतरवा आणि काम होईपर्यंत बिटलॉकर तात्पुरता थांबवा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोरी विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलं की बहुतेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, म्हणजे ही की आता पूर्वी कधी न लागलेल्यांनाही लागणार.

लिनक्स आणि ड्युअल बूट

यादीत न बसणाऱ्या पण धडधाकट मशीनसाठी माझं पहिलं मत लिनक्सला. त्याची सर्वांत मोठी सोय अशी की काहीही न टाकता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. त्यात वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, बाहेरचा स्क्रीन आणि प्रिंटर एवढं तपासा. फिंगरप्रिंट रीडर चाललं तर नशीब समजा. डेस्कटॉपवरचं एमएस ऑफिस आणि अडोबीची सॉफ्टवेअर लिनक्ससाठी येत नाहीत. पोट त्यांच्यावर असेल तर इथेच थांबा. लिब्रेऑफिस साध्या कागदपत्रांना पुरतं. मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेलला पुरत नाही.

नवख्याने लिनक्स मिंट २२ किंवा उबुंटू २४.०४ एलटीएस घ्यावं. दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फेडोरा उत्तम आहे, पण त्याची प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिनेच सांभाळली जाते. ज्याला अपग्रेडचाच कंटाळा आहे त्याने तिकडे जाऊ नये. टाकताना होम (तुमच्या फाइलचा फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर ठेवलं तर पुढच्या वेळी सिस्टीम पुसूनही फाइल शाबूत राहतात. मिंटमधलं टाइमशिफ्ट मोठ्या बदलाआधीची स्थिती जपून ठेवतं, पण ती सिस्टीमची. तुमच्या फाइल मुळात त्यात येत नाहीत.

‘दोन्ही ठेवू’ म्हणून ड्युअल बूट करणाऱ्यांना मी सहसा परावृत्त करतो. विंडोजचा फास्ट स्टार्टअप (बंद करताना सिस्टीमची स्थिती डिस्कवर जपून ठेवण्याची सोय) चालू राहिला तर लिनक्समधून त्या पार्टिशनवर नीट लिहिता येत नाही. घड्याळ दर वेळी काही तास पुढेमागे होतं, कारण दोघांची वेळ साठवायची रीत वेगळी. ऑगस्ट २०२४ मधल्या एका विंडोज अपडेटनंतर तर अनेकांचं लिनक्स सिक्युअर बूटच्या नियमांत अडकून सुरूच होईना. दोन सिस्टीम हव्याच असतील तर दोन डिस्क वापरा आणि बूट मेन्यूमधून निवडा.

मॅकवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. २०२० च्या बिग सर या मॅकओएस आवृत्तीपासून सिस्टीम स्वतंत्र, सीलबंद व्हॉल्यूमवर असते, त्यामुळे वरून चढवण्यात फारसा कचरा साठत नाही आणि फॉरमॅटचा फायदा उरत नाही. मागे येणं मात्र विंडोजपेक्षा अवघड: जुनी आवृत्ती हवी तर मशीन पुसूनच टाकावी लागते. म्हणून तिथे टाइम मशीनचा बॅकअप पूर्ण झाल्याशिवाय बटण दाबू नका.

कोणतीही वाट धरा, विंडोज.ओल्ड किंवा जुनी डिस्क पुसायच्या आधी महिन्यातून एकदाच लागणारी कामं एकेक करून बघा: स्कॅन करणं, माइक लावून मीटिंग, हिशेबाचं जुनं वर्ष उघडणं, प्रोजेक्टर जोडणं. रोजची कामं पहिल्याच दिवशी तपासली जातात. त्रास देतात ती ही.