वापरलेली हायलक्स घ्यावी की सुपर्ब?

वापरलेली पण ऐसपैस आणि आरामदायी गाडी शोधणाऱ्यांच्या यादीत हल्ली टोयोटा हायलक्स (मागे मालासाठी उघडा हौदा असलेली पिकअप) आणि स्कोडा सुपर्ब (लांब सेडान) ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी दिसतात. दोन्ही गाड्या चालवून आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन्हींच्या मागच्या आसनावर बसून पाहिल्यानंतर माझा कौल शहरात राहणाऱ्या कुटुंबासाठी निःसंशय सुपर्बला आहे.

हायलक्स भारतात २०२२ मध्ये आली तेव्हा तिची किंमत ३३.९९ लाखांपासून सुरू होत होती. २.८ लिटरचे २०४ पीएस ताकदीचे डिझेल इंजिन टोयोटाच्याच फॉर्च्युनर एसयूव्हीचे असल्यामुळे घाटात किंवा चिखलात ती कुठेही कमी पडत नाही, आणि पुढे बसणाऱ्याला आपण मालवाहू गाडीत आहोत असे क्वचितच वाटते. मागे मात्र चित्र बदलते. मागच्या चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत आणि ते हौद्यात माल असणार हे धरूनच बसवलेले असल्यामुळे, हौदा रिकामा असला की प्रत्येक गतिरोधकावर गाडी मागून उसळते. माझ्या सासूबाईंना तर दाराजवळचा दांडा धरून, आधी पायरीवर आणि मग आत, असे दोन टप्प्यांत चढावे लागले. पावसाळ्यात उघड्या हौद्यातले सामान कोरडे ठेवायचे तर पक्के झाकण बसवून घ्यावे लागते, कारण नुसती ताडपत्री वेगात फडफडते आणि फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) फटीतून पाणी आत येतच राहते. शिवाय ५.३ मीटर लांबीची गाडी सोसायटीच्या आखून दिलेल्या जागेत मावेल का, हे आधी टेपने मोजून घ्यावे.

ज्यांची बाग किंवा शेती आहे आणि ज्यांना खताची पोती, कलमे, पंप नेहमी न्यायचे असतात, त्यांनी हायलक्सच घ्यावी. भार पडला की पाटे दबतात आणि तिची चालही सुधारते.

२०१६ ते २०२३ या काळात विकली गेलेली सुपर्ब आपल्याच छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवली जात असे. मागे पाय पसरून बसावे इतकी जागा, ६२५ लिटरची डिकी, आणि काचेसकट वर उचलले जाणारे मागचे दार, यामुळे मोठ्या बॅगाच काय, घडीची चाकाची खुर्चीही तिच्यात सहज जाते. पुढच्या दोन्ही दारांत छत्री ठेवायला खास खोबण आहे, आणि आपल्याकडच्या पावसात ती सोय खरोखर उपयोगी पडते.

नवीन असताना महाग असलेल्या या गाडीची किंमत लवकर उतरते, याचा फायदा दुसऱ्या मालकाला मिळतो. दुरुस्तीचा खर्च मात्र उतरत नाही. १.८ लिटर पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या (तेलात न बुडालेल्या) क्लचचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, आहे आणि असा क्लच गर्दीत रांगताना तापून झिजतो, त्यामुळे व्यवहारापूर्वी गाडी अर्धा तास तरी गर्दीत रांगत चालवावी आणि चढावर रिव्हर्समध्येही घेऊन पाहावी. त्या वेळी ती थरथरली किंवा गिअर पडताना धक्का बसला, तर किंमत कितीही आकर्षक असो, ती गाडी सोडून द्यावी. गाडी बुटकी आणि लांब असल्याने पोट गतिरोधकांना घासलेले असू शकते; लिफ्टवर चढवून खालची बाजू पाहावी आणि सर्व्हिसच्या नोंदी मिळाल्याखेरीज बयाणा देऊ नये.