बाणाचा फासा आणि गोल टेम्प्लेट: टेबलबाहेरच्या तोफांसाठी किती कामाचे?

मिनिएचर, म्हणजे छोटे शिपाई आणि तोफा, मांडून टेबलावर लढाई खेळताना तोफांच्या पल्ल्याची अडचण येते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश २५-पाउंडर तोफेचा पल्ला १२ किलोमीटरच्या वर. १/७२ मापात ते अंतर १७० मीटर भरतं, म्हणजे तोफ शेजारच्या सोसायटीत ठेवावी लागेल. म्हणून टेबलावर फक्त तोफांना लक्ष्य सांगणारा निरीक्षक असतो आणि गोळा कुठे पडला ते फासे सांगतात. त्यासाठी सर्रास घेतला जाणारा संच असा: चार बाजूंना बाण आणि दोन बाजूंना ‘अचूक’ची खूण असलेला फासा, सोबत ३ आणि ५ इंची पारदर्शक टेम्प्लेट, म्हणजे गोळ्याचा मार किती जागेत लागतो ते दाखवणाऱ्या गोल चकत्या.

टेम्प्लेट घ्यावेत. पण बघताना डोळा बरोबर वर हवा, नाहीतर काठावरच्या शिपायावरून वाद ठरलेला. टेकडीवर किंवा झाडांवर टेम्प्लेट तिरकं बसतं. तिथे सोपा नियम: शिपायाचा निम्मा बेस (पायाखालची बैठक) झाकला तर मार लागला, त्याहून कमी असेल तर साध्या फाशावर ४ किंवा जास्त हवेत.

फाशाचं मात्र जमत नाही. सहापैकी दोन बाजू ‘अचूक’, म्हणजे पहिलाच गोळा तीनात एकदा थेट डोक्यावर. टेबलबाहेरून, नकाशावर हिशेब करून मारलेल्या गोळ्याला हे फारच उदार आहे. शिवाय तोफ कुठल्या बाजूला आहे याच्याशी बाणाला काही देणंघेणं नसतं. खरा तोफेचा गोळा आडव्या दिशेपेक्षा पुढे-मागे जास्त चुकतो. पडलेल्या गोळ्यांचा पट्टा लांबट असतो, गोल नव्हे.

त्यापेक्षा बारा बाजूंचा फासा घड्याळासारखा वापरा. तोफांकडून लक्ष्याकडे जाणारी दिशा म्हणजे १२. किती इंच चुकलं ते दोन साध्या फाशांच्या बेरजेवर. ११, १२, १ आणि ५, ६, ७ आले तर पूर्ण अंतर, बाकीच्यांवर निम्मं. बाणाचा फासा वापरलाच तर लक्ष्याशेजारीच टाका, कारण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टाकलेल्या बाणाची दिशा प्रत्येकाला वेगळी दिसते. घड्याळात तो तंटाच नाही.

क्रम असा ठेवा. निरीक्षकाला लक्ष्य दिसलंच पाहिजे. रेडिओवर तोफांशी संपर्क लागायला साध्या फाशावर ४ किंवा जास्त हवेत. लागला तर एक चाचणी गोळा. त्याने कुणाला इजा नाही, फक्त खूण ठेवायची. पुढच्या फेरीत दुरुस्ती, आता एकच फासा. तिसऱ्या फेरीत खरा मारा. सगळं एकाच फेरीत करू दिलंत की खेळ तोफखानाच जिंकतो. आधीच नोंदवलेल्या लक्ष्यांना चाचणी नको, पण ती खेळ सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या.

मापाकडेही लक्ष असू द्या. दोन फाशांची सरासरी ७ इंच. जमिनीचं मापही मिनिएचरचंच धरलं तर १/७२ मध्ये ही चूक जेमतेम १३ मीटर, १/३०० मध्ये ५३. छोट्या मापात नियम तसाच चालतो. १/७२ मध्ये चाचणी गोळ्याला तीन फासे टाका.

टेम्प्लेट सुटे मिळत असतील तर संच घेऊ नका.