वर्गणी वसूल, पण फाटकाच्या आतलं काय?

मालक संघटनेचं सभासदत्व म्हणजे वर्षाची वर्गणी, दिवाळीला डायरी आणि युनियनने नोटीस दिली की वकिलाचा नंबर, एवढंच आमच्या शेठना माहीत होतं. त्याच वर्गणीत सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाचा, मदत कक्षही येतो, हे गरज पडल्यावर कळलं. अंधेरी एमआयडीसीत औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी आमची कंपनी. एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही मीच बघते, त्यामुळे हे खातंही माझ्याच गळ्यात पडलं.

आमचा नफा पहिल्यांदाच 5 कोटींवर गेला आणि कंपनी कायदा 2013 चं कलम 135 लागू झालं. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर खर्च करायचे, आणि तो नफा कर भरण्याआधीचा धरायचा. आमची सरासरी 4 कोटी, म्हणजे 8 लाख. एका सल्लागाराने सीएसआर कमिटी बसवून देण्याचं भलंमोठं कोटेशन पाठवलं होतं. कक्षातल्या मॅडमनी फोनवरच सांगितलं, रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर वेगळी कमिटी लागत नाही, ते काम संचालक मंडळानेच करायचं. माझ्या मते वर्गणी तिथेच वसूल झाली.

शेठना कामगारांच्या मुलांची फी भरायची होती. मॅडम म्हणाल्या, "खुशाल भरा, पण या 8 लाखांत धरू नका. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआर होत नाही." शेठ दिवसभर फुरंगटून बसले. फी मात्र भरली.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे एकत्र प्रकल्प. कंपन्यांनी मिळून काम करायला नियमांत मुभा आहे, फक्त प्रत्येकीला आपला हिशेब वेगळा दाखवता आला पाहिजे. 8 लाखांत एकट्याने वह्या वाटून फोटो काढण्यापलीकडे फारसं होत नाही. आम्ही शेजारच्या गाळ्यांतल्या काही कंपन्यांबरोबर पालिका शाळेत प्रयोगशाळा उभी केली. जुळवाजुळव संघटनेने चोख केली. मात्र काम करून देणाऱ्या संस्थांची जी यादी मिळाली, तिच्यात संघटनेचा स्वतःचा ट्रस्ट सगळ्यात वर, ठळक अक्षरांत होता. ते खटकलं.

आता संघटनेचं सीएसआरवरचं, फोर्टातलं चर्चासत्र. हॉल थंडगार, जेवण उत्तम, श्रीखंड तर फारच छान. वृक्षारोपणाच्या स्लाइड्स संपता संपेनात. शेवटी मी कंत्राटी कामगारांच्या पीएफबद्दल विचारलं, तर व्यासपीठावरून उत्तर आलं, "तो विषय आयआर (औद्योगिक संबंध) कमिटीचा." म्हणजे फाटकाबाहेर झाड लावलं की जबाबदारी, आणि आतल्या माणसाचा पीएफ हा वेगळा विभाग!

बाजार असे विभाग मानत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायातली जबाबदारी आणि शाश्वतता दाखवणारा अहवाल, सक्तीचा केला. त्यामुळे आमचे मोठे गिऱ्हाईक आता ऑर्डरच्या आधी प्रश्नावली पाठवतात, आणि तिच्यात झाडांपेक्षा किमान वेतन, पीएफ, कामाचे तास, महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हेच जास्त असतं. ही समिती 10 किंवा जास्त कर्मचारी असले की 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने लागतेच. कामगार-मालक संबंध हे तर या संघटनांचं मूळ काम. 1933 पासून मुंबईत एम्प्लॉयर्स फेडरेशन ऑफ इंडियासारखी संस्था उभी आहे. एवढ्या मुरलेल्या जगात प्रश्नावली भरायला मदत करणारा कोणी मिळू नये? आमच्या संघटनेत तरी मिळाला नाही. मी रात्री घरी बसून भरली.

वार्षिक पुरस्काराचा फॉर्म आला होता, सोबत प्रवेश फी. भरला नाही.

मदत कक्षाला पाचपैकी साडेचार, चर्चासत्राला दोन, त्यातला एक श्रीखंडाचा. नवीन सभासदांनी एक करा: फोन मार्चमध्ये नको, जूनमध्येच करा. अनेक वर्षं चालणारा प्रकल्प नसेल तर सीएसआरचे उरलेले पैसे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या परिशिष्ट 7 मधल्या सरकारी निधीत भरावे लागतात, नाहीतर दंड. आणि यादीतल्या कुठल्याही संस्थेला चेक देण्याआधी तिचा सीएसआर-1 (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) क्रमांक मागून घ्या, संघटनेचा ट्रस्ट असला तरी.