बारा बोर दुनळीवर सिरॅमिक कोटिंग : आठ महिन्यांचा अनुभव

परवा खंडेनवमीला पूजा झाली, पाहुणे आले, जेवणं झाली आणि बंदूक रात्रभर पाटावरच राहिली. सकाळी आठला लक्षात आलं तेव्हा पोटात गोळाच आला. नळीवर ओल्या हळदकुंकवाची बोटं तशीच, वर झेंडूची दोन फुलं, खाली पाण्याचा ओघळ. मागे एका वर्षी अगदी असंच झालं होतं, फक्त दोन तासांसाठी, आणि तेव्हा प्रत्येक बोटाखाली तांबूस ठिपका उठलेला जो शेवटपर्यंत गेला नाही. या वेळी ओल्या फडक्यानं पुसलं आणि खाली काहीच नाही, जशीच्या तशी काळी. बायकोला हाक मारून दाखवलं. म्हणून लिहायला बसलोय, कारण मार्चमध्ये मी याच कोटिंगबद्दल ओळखीच्या प्रत्येकाला नको म्हणून सांगितलंय, ते आता अर्धं मागं घ्यायला हवं. अर्धंच.

बंदूक आजोबांची, म्हणजे आबांची, बर्मिंगहॅमची, बाजूबाजूला नळ्या असलेली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार वगैरे बंदच, आमच्याकडे ती वर्षातून एकदा पूजेला आणि चार-पाचदा रेंजवर जाते. ग्वाल्हेरात ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांना वेगळं सांगायला नको की गंज घरात लागत नाही, निवडणुकीत जमा केल्यावर लागतो. 2023 च्या शेवटी विधानसभा, लगेच 2024 ला लोकसभा, दोन्ही वेळा आचारसंहितेत बंदूक जमा, आणि जमा असताना तिला तेल कोण लावणार. जूनमध्ये परत आली तेव्हा रिबच्या (दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या) कडेनं सबंध तांबेरा होता.

आधी वाटलं पुन्हा ब्लूइंग, म्हणजे पोलादावर तो निळसर काळा थर चढवून घेऊ. एकानं स्वस्तात करतो म्हटलं, पण तो गरम ब्लूइंगवाला होता, म्हणजे कॉस्टिक सोडा नि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात नळ्या बुडवायच्या, साधारण 140 अंशाला. ज्यांची दुनळी आहे त्यांनी हे अजिबात करू नये! दोन नळ्या आणि मधली रिब कथलाच्या डाखानं जोडलेली असते आणि कॉस्टिक तो डाखच खातं, आज नाही तर सहा महिन्यांनी रिब सुटते. दुनळीला जुन्या पद्धतीचं, हळूहळू गंज चढवून उकळायचं ब्लूइंग लागतं, ते मनासारखं करणारा मला मिळाला नाही. शिवाय ब्लूइंग कुठलंही असो, तो लोखंडाचाच काळा ऑक्साइड, तेल सुटलं की संरक्षण संपलं.

म्हणून सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगासारखा फवारून भट्टीत भाजायचा पातळ, कडक थर. सेराकोट या ब्रँडच्या जातीचं. 121 अंशाला दोन तास भाजतात आणि साधा डाख 183 च्या आसपास वितळायला लागतो, म्हणजे जोडाला धोका नाही, हा हिशेब मी स्वतः दहादा केला. वर्कशॉप दिल्लीकडचं, रिपेअरचं लायसन्स असलेलं (ते बघितल्याशिवाय बंदूक कुणाच्या हातात देऊ नका), माझं लायसन्स ऑल इंडिया असल्यामुळे नेण्या-आणण्याची अडचण नव्हती. जाऊन-येऊन धरून साडेचौदा हजार पडले. माझ्यासाठी ही लहान रक्कम नाही, एवढ्यात बरीच वर्षं तेल आलं असतं.

एक गोष्ट त्यांनी खरंच नीट केली. ॲसिटोननं धुतल्यावर नळ्या आधी नुसत्याच भट्टीत ठेवल्या तेव्हा रिबखालून इतक्या वर्षांचं मुरलेलं तेल घामासारखं बाहेर आलं. पुन्हा धुतलं, पुन्हा तापवलं, असं तीनदा, आणि मगच ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरवडणं) आणि स्प्रे. हे टाळलं तर कोटिंग रिबच्या कडेला पापुद्र्यासारखं उचलतं. माझं आठ महिन्यांत कुठंही उचललेलं नाही. बंदुकीच्या नंबरवर ब्लास्टिंग होऊ देऊ नका हे मी दोनदा बजावलं होतं, आर्म्स ॲक्टच्या कलम 8 प्रमाणे नंबर पुसणं हा गुन्हाच आहे, ते त्यांनी व्यवस्थित झाकलं होतं.

आणि एवढं सगळं करून त्यांनी नळ्यांच्या मागच्या टोकाखालचा सपाट भाग, हुक (ज्यानं नळ्या बिजागरीत अडकतात) आणि मागची तोंडं, सगळीकडे सरसकट स्प्रे मारला.

घरी आणून बंदूक बंद करायला गेलो तर बंद होईना. जोर लावला तर बसली, पण बंदूक उघडायची वरची कळ मध्यावर यायलाच तयार नाही. हे कोटिंग जास्तीत जास्त 25 मायक्रॉनचं, केसापेक्षाही पातळ, पण असली बंदूक बनवताना कारागीर भागांवर दिव्याची काजळी धरून, जिथं काजळी पुसली जाते तिथं कानस मारत, पुन्हा काजळी धरत बसवतो. तिथं केसाच्या अर्ध्याएवढीही जागा शिल्लक नसते. फोन केला तर उत्तर, "इस्तेमाल करते-करते सेट हो जाएगा." अहो, पण ती सेट होणार म्हणजे कशाला घासून होणार, कोटिंग कडक आहे म्हणून तर एवढे पैसे दिले, मग झिजणार बिजागरीच ना? तीन फोन झाले, मग म्हणाले परत पाठवा, पुन्हा ब्लास्ट करून काढतो, त्याचे वेगळे पैसे. मी नाही म्हटलं, आणि त्याचं कारण पैसे नव्हतं.

त्या सपाट भागावरच प्रूफचे शिक्के आहेत. मुकुट आणि त्याखाली एनपी, म्हणजे नायट्रो पावडरची, बिनधुराच्या दारूची, चाचणी झालेली. मी सात-आठ वर्षांचा असताना आबा बंदूक उघडून माझं बोट त्या मुकुटावर ठेवायचे, म्हणायचे डोळे मिटून सांग काय आहे. तो मुकुट काळ्या थराखाली बुजून गेला होता, बोटाला नुसतं गुळगुळीत लागत होतं. बंदूक दोन महिने कपाटातून काढली नाही. घरात सगळे म्हणाले एवढं काय त्यात, दिसत तर नाही बंद असताना. पण मला दिसत होतं.

शेवटी मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो, त्यांच्याकडेही रिपेअरचं लायसन्स आहे. त्यांनी ब्लास्टिंगचं नावच काढू दिलं नाही. सागवानी लाकडाची सपाट पट्टी, तिच्यावर सगळ्यात बारीक एमरी पेपर, दोन थेंब तेल, आणि बोटभर अंतरात पुढे-मागे. मधेच काजळी धरून बंद करून बघायचे, परत चार हात मारायचे. दोन दुपारी गेल्या, बाहेर 45 अंश, दुकानात पंखाही बंद कारण काजळी हलते. वरचं कोटिंग गेलं, पण शिक्क्यांच्या खोलगट रेषांमध्ये जे बसलं होतं ते तिथंच राहिलं. आता पांढऱ्या पोलादावर काळा मुकुट आणि खाली काळं एनपी, कोरून भरल्यासारखं, चष्म्याशिवाय वाचता येतं. इतकं स्पष्ट मी ते लहानपणीही पाहिलेलं नाही. तिथल्या तिथे डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घेतले आठशे रुपये.

त्यानंतर बंदूक पहिल्यासारखी मिटते, कळ बरोबर मध्यावर येते. रेंजवर साठेक काडतुसं झाली, नळीच्या तोंडाजवळची काजळी केरोसीनच्या फडक्यानं निघते. अख्खा पावसाळा गेला, पूर्वी दर पंधरा दिवसांनी बाहेरून तेल लावायचो, या वेळी तीन महिन्यांत एकदा लावलं. आतून मात्र कोटिंग नाही, नसतंच, तिथं सळई-तेल पूर्वीसारखंच. कळीच्या कडेला टिकलीएवढा तुकडा उडालाय, तिथं मी तेलाचा थेंब ठेवतो. रंग ब्लूइंगसारखा निळसर नाही, मंद काळा आहे, त्याची सवय झाली.

कुणाला करायचंच असेल तर कागदावर लिहून, सही घेऊन द्या : सपाट भाग, हुक, बिजागरी, मागची तोंडं, चेंबर आणि नळीची आतली बाजू, इथं थर नको. आणि नेण्याआधी शिक्क्यांचे जवळून फोटो काढून ठेवा, मी काढले नव्हते.