बिबट्या की प्रवाळ? बेळगावकरांसाठी श्रीलंका आणि अंदमान यांची तुलना

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ कोर्सच्या परिसरात एक बिबट्या आला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि त्याच्या शोधासाठी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैल तळावरून हत्ती आणावे लागले. एवढे करूनही तो हाती लागला नाही. बिबट्या आपल्याकडे नाही असे नाही, तो दिसत नाही, इतकेच. वन्यजीवांसाठी दूरच्या बेटावर जाण्याचा विचार करणाऱ्या इकडच्या माणसाने हा फरक आधी लक्षात घ्यावा, कारण पुढची सगळी निवड त्यावरच ठरते.

आलिशान मुक्काम आणि जंगल यांची सांगड घालणारी बेटावरची सहल म्हटली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुटुंबांत श्रीलंका आणि अंदमान ही दोन नावे हमखास निघतात. मालदीवचेही नाव कोणी तरी काढतो, पण तेथे पाण्याबाहेर पाहण्यासारखे प्राणी फारसे नाहीत, म्हणून ते येथे बाजूला ठेवले आहे. श्रीलंका आणि अंदमान यांच्या जाहिरातींतील छायाचित्रे जवळजवळ सारखीच असतात, तीच नारळाची झाडे आणि तेच निळे पाणी. त्यामुळे शेवटी पॅकेजच्या आकड्यावर निर्णय घेतला जातो. घराजवळ जे नाही ते कोणत्या बेटावर आहे, हा प्रश्न आधी विचारला तर निर्णय अधिक बरा होतो.

घराजवळ पुष्कळ आहे. दांडेलीच्या परिसरात धनेशाच्या चार जाती दिसतात, खानापूर तालुक्यात भीमगडचे अभयारण्य आहे, आणि पावसाळ्यात आंबोलीला बेडूक व साप पाहण्यासाठी लांबलांबून अभ्यासक येतात. श्रीलंकेतील सिंहराजा हे १९८८ पासून जागतिक वारसा यादीत असलेले सदाहरित जंगल निश्चितच सुंदर आहे आणि केवळ त्याच देशात आढळणारे कित्येक पक्षी तेथे एकाच फेरीत दिसू शकतात. परंतु पश्चिम घाट आणि श्रीलंका हा जैवविविधतेचा एकच प्रदेश मानला जातो, आणि जुलैत आंबोलीला जाऊन मोजे काढून जळवा झटकलेल्या माणसाला सिंहराजात बरेचसे ओळखीचेच वाटेल. पक्ष्यांची यादी ठेवणाऱ्यांनी तेथे जरूर जावे. इतरांनी त्यासाठी दोन दिवस घालवू नयेत असे माझे मत आहे.

दोन बेटांमधील मूळ फरक त्यांच्या जन्माचा आहे. श्रीलंका सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटरची आहे आणि समुद्राची पातळी खाली होती त्या काळात ती भारताला जोडलेली होती, म्हणून हत्ती, बिबट्या, अस्वल, सांबर हे सारे तेथे चालत पोचले. अंदमान ही म्यानमारमधील अराकान योमा डोंगररांगेची समुद्रात बुडालेली शेपटी आहे. निकोबार धरून सगळ्या बेटांचे क्षेत्रफळ सुमारे ८,२५० चौरस किलोमीटर भरते, आणि मुख्य भूमीवरील मोठे सस्तन प्राणी तेथे आपल्या पायांनी कधी पोचलेच नाहीत. तेथील चितळ इंग्रजांनी नेऊन सोडलेले आहेत आणि शिकारी प्राणी नसल्यामुळे त्यांनी जंगलाचे नुकसानच केले आहे. त्यामुळे ‘अंदमानची जंगल सफारी’ असे कोणी विकत असेल तर तो काय दाखवणार आहे, हे आधी विचारावे. अंदमानचे खरे जंगल पाण्याखाली आहे.

श्रीलंकेतील बिबट्याकडे वळू. तेथे वाघ नाही, सिंह नाही, म्हणजे बिबट्याला वचकून राहावे असा दुसरा मोठा शिकारी नाही, आणि त्यामुळे तो दिवसाढवळ्या खडकावर पसरलेला दिसतो. ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पहिल्या विभागात, सुमारे १४० चौरस किलोमीटरांत, बिबट्यांची घनता जगातील सर्वाधिक घनतांपैकी एक आहे. पण त्याच विभागात जीपगाड्यांची गर्दीही तशीच असते, आणि एक बिबट्या दिसला की पाच मिनिटांत तेथे इतक्या जीप गोळा होतात की शनिवारच्या खडेबाजाराची आठवण व्हावी. वायव्येकडील विल्पत्तू हे १,३१७ चौरस किलोमीटरचे उद्यान आहे, यादवीच्या काळात ते दीर्घकाळ बंद होते आणि आजही तेथे तुलनेने शांतता आहे. ‘विल्लू’ नावाच्या नैसर्गिक तळ्यांच्या काठी थांबून वाट पाहायची, ही तेथील पद्धत. यालात बिबट्या दिसण्याची शक्यता अधिक, विल्पत्तूत तो दिसला तर त्याच्याबरोबर तुम्ही एकटे असण्याची शक्यता अधिक. पैसे मोजून एकांत विकत घ्यायचा असेल तर मी विल्पत्तू निवडेन.

हत्तींच्या बाबतीत इकडच्या वाचकाची मनःस्थिती वेगळी असते. खानापूर आणि चंदगडच्या शेतकऱ्याला हत्ती म्हणजे एका रात्रीत झोपलेला ऊस आणि पंचनाम्यासाठी घातलेल्या खेपा. श्रीलंकेतही हेच दुखणे आहे, किंबहुना अधिक तीव्र आहे: अलीकडच्या वर्षांत तेथे दरवर्षी साधारण ४०० हत्ती मरतात, त्यांतील बरेचसे माणसांशी झालेल्या संघर्षात, आणि माणसांचे बळीही शंभराच्या वर जातात. तरीही मोकळ्या गवताळ भागात हत्तींचा मोठा कळप शांतपणे चरताना पाहणे हा अनुभव आपल्याकडच्या दाट जंगलात मिळत नाही. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. उन्हाळ्यात बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाचे पाणी उतरल्यावर जशी काठाची जमीन उघडी पडते, तशी तेथे जुलै ते सप्टेंबरमध्ये उघडी पडते, तिच्यावर कोवळे गवत येते आणि शेकडो हत्ती जमतात. अलीकडे मात्र मोरगहकंद धरणाचे पाणी सोडले जात असल्याने काही वर्षी तलाव भरलेलाच राहतो आणि कळप विखुरतात, म्हणून केवळ या मेळाव्यावर सहल आखू नये. उदावलवे हे १९७२ चे राष्ट्रीय उद्यान वर्षभर खात्रीचे आहे, आणि तेथील अनाथ पिल्लांच्या संगोपन केंद्रात पिल्लांना हात लावू दिला जात नाही, कारण ती पुढे जंगलात सोडायची असतात. हत्तीवर बसवणाऱ्या किंवा त्याला आंघोळ घालू देणाऱ्या ठिकाणांपेक्षा हे कितीतरी सभ्य आहे.

समुद्रही श्रीलंकेकडे आहेच. दक्षिण टोकाजवळ खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो, त्यामुळे डिसेंबर ते एप्रिल या काळात मिरिसाहून निघालेल्या होडीतून निळा देवमासा, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, पाहता येतो. होडी लहान आणि अंतर राखणारी निवडावी. स्वस्त होड्या त्याच्या अंगावर जातात, आणि मग दिसते ती फक्त बुडी मारताना वर आलेली शेपटी.

आता अंदमान. स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) यांच्याभोवती, तसेच वंडूर येथील १९८३ च्या सागरी राष्ट्रीय उद्यानात, जे दिसते त्याला आपल्याकडे कारवारपासून मालवणपर्यंत तोड नाही. मालवणलाही पाण्याखाली नेतात, पण तेथील पाण्याची पारदर्शकता आणि अंदमानच्या पाण्याची यांत ताक आणि पाणी इतका फरक आहे. २०१० आणि २०१६ च्या उष्ण लाटांत तेथील उथळ प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, ही गोष्ट जाहिरातीत सांगितली जात नाही. काचेच्या तळाच्या होडीतून त्यामुळे कधीकधी राखाडी ढिगारेच दिसतात, आणि जिवंत प्रवाळ पाहायचे तर थोडे खोल उतरावे लागते. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाचा हात धरून उतरता येते, मात्र मूल साधारण १० वर्षांचे असावे लागते, आणि डायव्हिंगनंतर विमानात बसण्यापूर्वी निदान १८ ते २४ तास जाऊ द्यावे लागतात. ज्यांच्या घरात कोणीच पाण्यात डोके घालणार नाही, त्यांच्यासाठी अंदमानचे अर्धे मोल तेथेच संपते.

नारकोंडमचा धनेश जगात फक्त एका बेटावर आहे, पण नेहमीच्या सहलीत तेथे जाता येत नाही. समुद्रगाय हा अंदमानचा राज्यप्राणी असला तरी ती दिसणे ही निव्वळ नशिबाची गोष्ट आहे. खाऱ्या पाण्यातल्या मगरी मात्र खऱ्या आहेत, आणि किनाऱ्यावरचा इशाऱ्याचा फलक शोभेसाठी लावलेला नसतो. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. तेथे वाहने ताफ्यानेच सोडतात आणि छायाचित्र काढण्यास बंदी आहे. वाटेत जारवा दिसतील असे सुचवणाऱ्या एजंटाकडून तिकीटच घेऊ नये.

आलिशानपणाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे. श्रीलंकेत गेल्या वीस वर्षांत जंगलाच्या कडेला तंबूंचे मुक्काम तयार झाले, त्यांत यालाजवळचे २०१७ चे वाइल्ड कोस्ट टेंटेड लॉज प्रसिद्ध आहे. डोंगरात चहामळ्यांतील साहेबी बंगले आहेत, आणि दांबुल्लाजवळ श्रीलंकेचे वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांनी डोंगराच्या अंगाला बिलगून बांधलेले कंदलमाचे हॉटेल आहे, जे केवळ वास्तुरचनेसाठीही पाहावे. दर डॉलरमध्ये असतात आणि भीती घालतात, पण मोठ्या तंबूमुक्कामांच्या दरात बहुधा जेवण, जीप आणि प्राण्यांची जाण असलेला मार्गदर्शक धरलेला असतो. खरे पैसे या मार्गदर्शकाचे असतात. अंदमानात राधानगर किनाऱ्यावरचे ताज हे २०१८ चे रिसॉर्ट सोडले तर त्या दर्जाची ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि खोलीच्या दरात बहुधा नाश्ताच असतो. म्हणून अंदमानात खोली मध्यम घ्यावी आणि वाचलेला पैसा स्वतंत्र होडी व चांगला डायव्हिंग प्रशिक्षक यांवर खर्च करावा; श्रीलंकेत उलट, खरेदी आणि शहरातले मुक्काम कमी करून जंगलाकडेच्या दोन रात्रींवर हात सैल सोडावा.

प्रवासाचे थोडक्यात. दोन्हीकडे जायचे तर बेंगळुरू, चेन्नई किंवा तसेच दुसरे मोठे विमानतळ गाठावे लागते. श्रीलंकेसाठी पासपोर्ट आणि ऑनलाइन प्रवास-परवाना लागतो, पॅकेजवर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो (तो आयकर विवरणपत्रात वळता होतो), आणि २०२४ पासून तेथे यूपीआय चालते. अंदमानसाठी ओळखपत्र पुरते, आणि केंद्र सरकारी नोकरीतील व्यक्तींना एलटीसीचा (रजा प्रवास सवलतीचा) लाभही घेता येतो, जो श्रीलंकेला मिळणार नाही. एक बारीक गोष्ट: अंदमान बेळगावच्या पूर्वेला सुमारे १८ रेखांश आहे, पण घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. उशिरा उठणाऱ्या कुटुंबाचा अर्धा दिवस असाच जातो.

काहींच्या बाबतीत ही तुलना मुळातच लागू होत नाही. सावरकर १९११ ते १९२१ या काळात ज्या सेल्युलर जेलमध्ये होते ते पाहायचे म्हणूनच पुष्कळ बेळगावकर अंदमानला जातात. १९५० मध्ये त्यांना हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवले होते, तो बाहेरून का होईना रोज पाहणाऱ्यांना ही ओढ असणे स्वाभाविक आहे. त्यांनी वन्यजीवांचा हिशेब घालत बसू नये.

वृद्ध आई-वडील बरोबर असतील तर मी श्रीलंका सुचवेन: जीपमध्ये बसून पाहता येते, मलेरियामुक्त देश म्हणून २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली आहे, आणि भात, वरणासारखी ‘परिप्पू’ आणि नारळाच्या भाज्या यांवर शाकाहारी माणसाची सोय होते, फक्त सुक्या मासळीचा चुरा नको असे आधी सांगावे लागते. जैन पद्धतीचे जेवण हवे असल्यास मुक्कामाला लेखी कळवावे. दहा-बारा वर्षांपुढची मुले आणि पाण्याची आवड असलेले पालक यांनी अंदमान घ्यावे.

राहता राहिली सुट्टी. कर्नाटकातील शाळांना मोठी सुट्टी एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दसऱ्याला मिळते, तर कोल्हापूरच्या भाचरांना दिवाळीत, त्यामुळे एकत्र सहलीचा बेत फारसा जमत नाही. एप्रिल हा अंदमानचा महिना आहे, समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ असते. मेच्या मध्यापासून पावसाचा भरवसा नसतो. श्रीलंकेत १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असते आणि सगळा देश फिरायला निघतो, म्हणून ते दिवस टाळून महिन्याच्या अखेरीस जावे. मात्र मेपासून दक्षिणेचा समुद्र खवळतो व देवमासे सोडून द्यावे लागतात. दसऱ्याची सुट्टीच हाती असेल तर अडचण आहे: यालाचा पहिला विभाग बहुतेक वर्षी सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो आणि अंदमानात पाऊस असतो. अशा वेळी उदावलवेच्या दोन रात्री आणि चहामळ्यातील दोन रात्री एवढेच घ्यावे, आणि त्या महिन्यात दुपारनंतर सरी येतात म्हणून जीप सकाळी सहाचीच सांगून ठेवावी.