पाण्याची मागणी मांडायला ‘वीप’: चांगलं, पण गळतीचा रकाना जपून भरा

‘वीप’ (WEAP) हे स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटचं पाणी नियोजनाचं सॉफ्टवेअर नगरपालिकेच्या अभियंत्याने जरूर वापरावं. भारतातल्या सरकारी आणि शैक्षणिक संस्थांना परवाना फुकट मिळतो. चाचणी आवृत्तीत मात्र काम सेव्ह होत नाही.

हिशेब सरळ आहे: लोकसंख्या गुणिले माणशी वापर. १ लाख वस्ती आणि भुयारी गटार असलेल्या गावाला दरडोई १३५ लिटर धरले की रोज १३.५ दशलक्ष लिटर. गळती १५ टक्के टाकली की वीप ०.८५ ने भागतं आणि १५.९ दाखवतं. लोक चुकतात ते इथेच. पंपिंगच्या नोंदीवरून दरडोई आकडा काढला तर गळती त्यात आधीच असते; रकाना पुन्हा भरला की ती दोनदा मोजली जाते.

वीजकेंद्रासाठी मेगावॉट नव्हे, मेगावॉट-तास टाका. ५०० मेगावॉटचं केंद्र ८० टक्के भाराने रोज ९,६०० मेगावॉट-तास देतं. जुन्या कूलिंग टॉवरवाल्या केंद्रांच्या मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याच्या मर्यादेने ते ३३.६ दशलक्ष लिटर होतात, म्हणजे त्या गावाच्या दुपटीहून जास्त! यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन जातं, म्हणून ‘कन्झम्प्शन’चा (नदीत परत न येणाऱ्या पाण्याचा) टक्का गावापेक्षा बराच वर ठेवा. नाहीतर खालच्या गावाला नदीत नसलेलं पाणी दिसतं.

वाढीचा दर २ की ३ टक्के, यावर ३० वर्षांत १ लाखाचे १.८१ किंवा २.४३ लाख होतात. दोन्ही सिनॅरिओ चालवाच.