थ्री-पीसचे पैसे घेतले आणि आत भलतंच बसवलं : ईडी म्हणजे लिंगाला ताठरता न येणं, त्यावरच्या इम्प्लांटचा माझा अनुभव

माझ्या शरीरात नेमकं काय बसवलंय हे मला ऑपरेशननंतर साडेचार महिन्यांनी कळलं, आणि तेही ज्यांनी बसवलं त्यांच्याकडून नाही, दुसऱ्या डॉक्टरकडून. वय ५४, डायबेटिस ११ वर्षं जुना. नाव लिहीत नाही, त्या सेंटरचंही नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. पण काय झालं ते सगळं लिहितो कारण मी त्या वेळी रात्र रात्र जागून जे शोधत होतो ते कुणीतरी आजही शोधत असणार.

तीन वर्षांपासून ताठरता येत नव्हती, म्हणजे सुरुवातीला यायची आणि टिकायची नाही, मग यायचीच बंद झाली. डॉक्टरकडे गेलो नाही. मेडिकलमधून सिल्डेनाफिलच्या गोळ्या आणल्या, तीन-चार वेळा घेतल्या, प्रत्येक वेळी रात्रीच्या भरपेट जेवणानंतर लगेच, आणि काही झालं नाही म्हणून ठरवून टाकलं की आपल्याला गोळी लागू पडत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच वाक्यावर सगळा धंदा झाला.

एका जाहिरातीत नंबर भरला तर दहा मिनिटांत फोन. समोरचा माणूस स्वतःला काउन्सेलर म्हणवत होता, बोलणं इतकं गोड की मी तीन वर्षांत जे बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं ते त्याला सांगून मोकळा झालो. "सर, गोळी फेल गेलीय ना, मग प्रॉब्लेम आतला आहे, उशीर करू नका." माझी शुगर किती आहे, बीपी आहे का, हृदयाचं काही औषध चालू आहे का, यातलं काहीही विचारलं नाही. आज कळतं की पहिला प्रश्न तोच हवा होता, कारण ज्याला छातीत दुखण्यासाठी नायट्रेटचं औषध चालू आहे त्याने या गोळ्या घेतल्या तर बीपी एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं.

सेंटरवर गेल्यावर डॉपलर केला, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी. पाच मिनिटांत संपला. रिपोर्टवर लिहिलं 'व्हीनस लीक', म्हणजे रक्त आत येतं पण थांबत नाही, वाहून जातं. मी घाबरलो. खरं तर हा डॉपलर करायचा तर आधी लिंगात औषधाचं इंजेक्शन देतात, ताठरता आणतात आणि मग थोड्या थोड्या वेळाने रक्ताचा वेग मोजतात. माझ्या बाबतीत इंजेक्शन दिलंच नव्हतं. शिथिल अवस्थेत मोजून लीक आहे की नाही हे सांगताच येत नाही, आणि इंजेक्शन देऊनही पेशंट टेन्शनमध्ये असेल तर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो म्हणून चांगले डॉक्टर गरज पडली तर परत करतात. हे मला कुठून माहीत असणार.

मग आधी शॉकवेव्ह आणि पीआरपीचं पॅकेज दिलं. शॉकवेव्ह म्हणजे बाहेरून मशीनने लहरी सोडायच्या आणि पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून फिरवून त्यातला भाग परत टोचायचा. 'नवीन रक्तवाहिन्या तयार होतात' असं छातीठोक सांगितलं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या ईडीच्या गाइडलाइनमध्ये शॉकवेव्हला अजून संशोधनाच्या पातळीवरचा आणि पीआरपीला प्रायोगिक उपचार म्हटलंय, म्हणजे खात्री देऊन विकण्यासारखी गोष्टच नाही ती. पॅकेज संपलं, फरक शून्य. आणि फरक पडला नाही हेच पुढच्या विक्रीचं कारण झालं, की बघा सर, एवढं करूनही झालं नाही म्हणजे आता इम्प्लांटच.

इम्प्लांटचं मॉडेल टेबलावर ठेवलेलं होतं. ते मी स्वतः हाताने दाबून बघितलं म्हणून मला आजही जास्त चीड येते. तो थ्री-पीस होता. लिंगात दोन सिलिंडर, वृषणाच्या पिशवीत छोटा पंप, आणि पोटात खालच्या बाजूला सलाइनच्या पाण्याची एक टाकी. पंप दाबला की पाणी टाकीतून सिलिंडरमध्ये येतं आणि ताठरता येते, बटण दाबलं की पाणी परत जातं आणि सगळं नॉर्मल दिसतं. ही कल्पना काही आजची नाही, अमेरिकेत डॉ. ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पाण्याने फुगणारं इम्प्लांट जगासमोर आणलं, तेव्हापासून सुधारत सुधारत इथपर्यंत आलंय. दुसरा प्रकार टू-पीस, त्यात पोटात वेगळी टाकी नसते, पाणी सिलिंडरच्या मागच्या भागातच असतं. आणि तिसरा मॅलिएबल, म्हणजे वाकवता येणाऱ्या दोन कांड्या, हाताने वर केलं की वर आणि खाली केलं की खाली, कडकपणा मात्र चोवीस तास तसाच. मला दाखवला थ्री-पीस, कोटेशन थ्री-पीसचं, पैसे भरले थ्री-पीसचे. थ्री-पीस आणि मॅलिएबलच्या किमतीत फार मोठं अंतर असतं, आणि तेच अंतर कुणाच्या तरी खिशात गेलं.

त्या खोलीत मला तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही खोट्या निघाल्या. एक, लांबी वाढेल. इम्प्लांटने लांबी वाढत नाही, उलट बऱ्याच जणांना आधीपेक्षा थोडी कमी वाटते, कारण पुढचं टोक म्हणजे शिश्नमुंड इम्प्लांटमुळे फुगत नाही. दोन, काही धोका नाही. धोका आहे, पहिल्याच ऑपरेशनला साधारण १ ते ३ टक्के लोकांना इन्फेक्शन होतं, आणि झालं तर बहुतेक वेळा सगळं बाहेर काढावं लागतं. डायबेटिस हाताबाहेर असेल तर काळजी आणखी जास्त.

आणि तिसरी गोष्ट ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. मी विचारलं होतं, नाही जमलं तर काढता येईल ना? "केव्हाही सर, काढलं की पहिल्यासारखं, मग गोळ्या पण घेऊ शकता." हे धादांत खोटं आहे. इम्प्लांट बसवताना लिंगातल्या ज्या स्पंजसारख्या भागात रक्त भरून ताठरता येते तोच भाग रुंद करून त्यात सिलिंडर बसवतात, तो भाग मग कामाचा राहत नाही. उद्या इम्प्लांट काढलं तर नैसर्गिक ताठरता परत येईल ही आशा जवळपास नसते आणि गोळ्याही काम करत नाहीत कारण गोळीला काम करायला तो भाग शाबूत लागतो. म्हणजे हा रस्ता एकदा धरला की मागे फिरायला जागा नाही. हे एक वाक्य मला खरं सांगितलं असतं तर मी त्या दिवशी उठून घरी आलो असतो.

ऑपरेशनच्या सकाळी, कपडे बदलून स्ट्रेचरवर बसल्यावर कागद समोर आले, सही करा सही करा, चष्मा बायकोकडे बाहेर होता. नंतर बघितलं तर संमतीपत्रात लिहिलंय 'पेनाइल इम्प्लांट, प्रकार सर्जनच्या निर्णयानुसार'. आज ते हेच वाक्य माझ्या तोंडावर मारतात.

शुद्धीवर आलो, दुसऱ्या दिवशी कॅथेटर म्हणजे लघवीची नळी काढली, दुखत होतं ते ठीक. चाचपून बघितलं तर पंप कुठे लागेना. म्हणाले सूज आहे, सहा आठवड्यांनी शिकवू. सहा आठवडे थांबलो, कारण खऱ्या थ्री-पीसमध्येही साधारण तेवढं थांबावंच लागतं, त्यामुळे संशय आला नाही. सहा आठवड्यांनी गेलो तर डॉक्टर बाहेर, काउन्सेलरने सांगितलं की तुम्हाला नवीन मॉडेल बसवलंय, त्याला पंप लागतच नाही, बिघडायचा प्रश्नच नाही. मी आनंदाने मान डोलावून आलो. खरंच सांगतो, मला बरं वाटलं होतं. मग दिवसभर पँटमधून दिसतंय म्हणून शर्ट बाहेर काढून फिरायला लागलो, कुशीवर झोपता येईना, आणि चौथ्या महिन्यात टोकाला दुखायला लागलं, तिथली कातडी ताणून चकाकल्यासारखी दिसायला लागली. फोन केला तर उचलत नव्हते.

दुसऱ्या युरॉलॉजिस्टकडे बायको घेऊन गेली. त्यांनी हाताने तपासलं आणि दोन मिनिटांत विचारलं, तुम्हाला मॅलिएबल बसवलंय हे माहितीय ना? मी बिल पुढे केलं. ते बराच वेळ बिलाकडेच बघत होते. एक्स-रे काढला, त्यात धातूचा गाभा असलेल्या दोन कांड्या स्वच्छ दिसत होत्या, बाकी काही नाही. शिवाय त्यातली एक मापाने थोडी लांब, म्हणून टोकावर दाब येतोय. असा दाब राहिला तर कांडी कातडी फाडून बाहेर येऊ शकते, आणि डायबेटिसमुळे संवेदना कमी झालेल्या माणसाला ते कळायलाही उशीर होतो.

मॅलिएबल वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. ज्याच्या हातात पंप दाबायची ताकद नाही, ज्याला गुंतागुंतीचं यंत्र नको, खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी तो चांगला पर्याय असू शकतो, डॉक्टरच म्हणाले. त्यात बिघडायला फारसं काही नसतं. फुगणारी इम्प्लांटही बऱ्याच जणांची १० वर्षांच्या पुढे चालतात पण यंत्र आहे, कधीतरी बिघडतं आणि बदलावं लागतं. निवड माझी असायला हवी होती एवढंच. मला एक दाखवून दुसरं बसवलं.

त्या डॉक्टरांनी नंतर जे विचारलं त्याने मी जास्त खचलो. गोळी कशी घेत होतात? मी सांगितलं जेवल्यावर. ते म्हणाले सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी साधारण तासभर आधी घ्यायची असते, तेलकट जड जेवणानंतर घेतली तर असर उशिरा आणि कमी होतो, आणि नुसती घेऊन पडून राहिलं तर काही होत नाही, इच्छा आणि स्पर्श लागतोच. योग्य डोसमध्ये योग्य पद्धतीने सहा-आठ वेळा तरी करून बघितल्याशिवाय फेल म्हणायचं नसतं. ती नाही तर टॅडालाफिल, जिच्यावर जेवणाचा फारसा परिणाम होत नाही. तेही नाही तर बाहेरून लावायचा, हवा ओढून ताठरता आणणारा व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन, आणि हे सगळं करून झालं किंवा नकोसं झालं की मग इम्प्लांट. सकाळचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं हार्मोन, कधी तपासलं होतं? नाही. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट? ऑपरेशनआधी कुणी केलीच नव्हती, त्यांनी केली तर ९.६ आली. ईसीजी काढून हृदयाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं, कारण लिंगातल्या रक्तवाहिन्या बारीक असतात आणि हृदयाचा त्रास पुढे काही वर्षांनी दिसणार असेल तर त्याची पहिली खूण कधी कधी इथे दिसते.

मला कदाचित इम्प्लांट लागलंच नसतं. हे मी रोज रात्री एकदा तरी मनात म्हणतो. कदाचित लागलंही असतं, ११ वर्षांचा डायबेटिस आहे, पण आता ते कधीच कळणार नाही.

ज्याला खरंच इम्प्लांट करायचंय त्याने एक गोष्ट धरून ठेवा. खऱ्या इम्प्लांटच्या बॉक्समध्ये स्टिकर असतात, त्यावर कंपनी, मॉडेल, साइज, लॉट किंवा सीरियल नंबर. एक तुमच्या केसपेपरवर लागतो आणि पेशंटला कार्ड मिळतं. पुढे कधी एमआरआय करायचा असेल, कुठे इमर्जन्सी आली, इम्प्लांट बदलायचं असेल, तर तेच कार्ड कामाला येतं. मला कार्ड दिलं नव्हतं. मागायला गेलो तर म्हणाले फाइल सापडत नाही, मग म्हणाले आमच्याकडे असं कार्ड नसतं, मग बिलाची दुरुस्त कॉपी देतो म्हणाले. ती मी घेतली नाही, आणि तुम्हीही अशा वेळी जुनं बिल कधी हातचं सोडू नका, माझ्या तक्रारीचा सगळा जीव त्या एका कागदात आहे. संमतीपत्रही आदल्या दिवशी घरी मागून घ्या, त्यात प्रकार आणि मॉडेल लिहिलेलं नसेल तर सही करू नका. आणि फोनवर आज भरलं तर डिस्काउंट म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा, ही काही अपेंडिक्स नाही की आज रात्रीच कापायला हवी.

त्यांचा सगळा खेळ आपल्या लाजेवर चालतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तक्रार करणार म्हटल्यावर काउन्सेलर मला शांतपणे म्हणाला, "सर, सगळीकडे तुमचं नाव येईल, विचार करा." मी दोन महिने विचारच करत बसलो. शेवटी बायको म्हणाली, नाव येऊ दे, चोरी आपण केलीय का? आणि तिनेच अर्ज लिहिला, मी फक्त सही केली.

आता शुगर खाली आणतोय, परवाच्या रिपोर्टला एचबीए१सी ७.३ आली. लांब पडलेली कांडी बदलावीच लागणार, दुसऱ्या वेळच्या ऑपरेशनला इन्फेक्शनचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलंय, कागदावर लिहूनही दिलंय. पुढच्या आठवड्यात भेट आहे. बायकोने एका वहीत प्रश्न लिहून काढलेत, सतरा झालेत आत्तापर्यंत, आणि सगळ्यात वर लिहिलंय, ऑपरेशनला आत नेण्याआधी बॉक्स आम्हाला दाखवाल का.